न बुडणारा बेडूक

आप्पांनी तो बेडूक घरी आणला तेव्हा मी साड्यांच्या ढिगात बसले होते, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, की आता या वयात खेळणी आणायला लागलात का. तो दिसतही होता खेळण्यासारखाच. हिरवा, अंगठ्याएवढा, मागे दोन लोंबते पाय. आप्पांनी त्याला दोन्हीकडून धरून ओढलं तर तो वीतभर लांब झाला, आणि सोडल्यावर पुन्हा होता तसा. मग त्यांनी तो बादलीत टाकला. बोटाने तळाशी दाबून धरला. बोट काढलं की तो वर यायचा आणि डोळे वर करून तरंगत राहायचा.

"देख," आप्पा म्हणाले.

काम सुटल्यापासून त्यांनी मला काही दाखवायला बोलावलं नव्हतं, म्हणून मी हातातली साडी टाकून उठले.

सुरतेच्या भंगार बाजारात मोडलेल्या जहाजांमधला माल यायचा. कपबशा, गाद्या, दोरखंड, काय वाटेल ते. त्यात एका पिशवीत हे तीन बेडूक होते. विकणाऱ्याला वाटलं लहान मुलांचं काहीतरी असेल. आप्पांना मात्र बघताक्षणी कळलं की हे मरळ माशासाठी आहे. त्यांचं लहानपण खानदेशात तापीच्या काठावर गेलेलं. तिथे मरळ धरायची ती जिवंत बेडूक गळाला टोचून. सुरतेत आल्यावर एकदा त्यांनी तसा बेडूक घरी आणला होता, तर मायने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. हा रबरी बेडूक तिनेही हातात घेऊन पाहिला आणि काही बोलली नाही. आमच्या घरात याला परवानगी म्हणत.

आप्पा सुरतेतल्या उधन्याला लूमच्या खात्यात होते. खातं म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड, आत कापड विणणारे लूम, आणि असा आवाज की माणसं घरी आल्यावरही ओरडूनच बोलत. आप्पा लूम चालवत नसत. ते तार, म्हणजे विणायचं सूत, जोडत. लूमवरचं बीम, म्हणजे तार गुंडाळलेला मोठा रूळ, संपलं की नवं चढवतात, आणि जुन्या बीमची प्रत्येक तार नव्या बीमच्या तारेला हाताने जोडावी लागते. हजारो तारा, तितक्याच गाठी. तिळाएवढी गाठ मारायची आणि तिची उरलेली शेपटी अगदी मुळाशी कापायची, कारण शेपटी राहिली की ती फणीत अडकते आणि कापडात डाग दिसतो. आप्पांनी मला ती गाठ शिकवली होती. "गाठले शेपटी ठेवानी नही," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे माझं लग्न मोडून मी माहेरी आले आणि साड्यांचे धागे कापायचं काम घरी घेतलं, तेव्हा कात्री धरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

बेडूक आला त्याच वर्षी पावसाळ्यात उधन्याच्या खात्यांत नवी तार आली. चकचकीत, काचेसारखी गुळगुळीत. आप्पांनी जोडलेल्या एका बीमच्या गाठी लूम सुरू होताच सुटायला लागल्या. मग दुसऱ्याच्याही. सेठ चांगला माणूस होता, म्हणजे त्याने आवाज चढवला नाही. तो फक्त म्हणाला, "काका, हवे आराम करो," म्हणजे आता घरी बसा. आप्पांनी घरी येऊन डबा मोरीत ठेवला आणि आम्हाला एवढंच सांगितलं की हातात जोर राहिला नाही.

हात थोडे थरथरायचे, हे खरं. चहाची बशी धरली की तिच्यात लाटा उठायच्या. पण हातात तार आली की ते हात थांबायचे, हे मी कितीदा पाहिलं होतं. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले की तू पोरगी आहेस, तू तसंच म्हणणार. मला राग आला. पोरगी असले म्हणून डोळे काय फुटले होते माझे?

बेडूक आला आणि घरात जरा जीव आला. आणलेल्या तीन बेडकांपैकी दोन वाया गेले. आप्पांनी ते जपून रेक्झिनच्या पाकिटात ठेवले होते, आणि आठवड्याने उघडलं तर आत चिकट हिरवा लगदा. हा जिन्नस ओढून तुटत नाही, माशाच्या दातांनी फाटत नाही, पण साध्या प्लॅस्टिकला लागून राहिला की वितळतो, हे आम्हाला कुठून कळणार. तिसरा बाहेर गळावर चढवून ठेवलेला होता म्हणून वाचला.

गळावर चढवणं हे नाजूक काम होतं. आप्पा उंबऱ्यात उजेडाला बसत आणि मला समोर बसवत. गळाचं टोक आधी बेडकाच्या नाकातून घालायचं, हनुवटीखालून काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा पोटात खुपसून तिथेच दडवायचं. दिसता कामा नये, नाहीतर जलपर्णीत अडकतो. मरळीने तोंड मिटलं की मऊ पोट दबतं आणि टोक आपोआप बाहेर येतं. बेडूक जराही तिरका बसला तर पाण्यात गिरक्या घेतो आणि मरळ ओळखते. आप्पा तो पुन्हा पुन्हा काढून बसवत. इतकं टोचूनही त्याला भोक म्हणून दिसत नव्हतं. आप्पांची बोटं एकदाही हलली नाहीत. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर हलली असती.

मग गाठ. मासेमारीची नायलॉनची दोरी, तिला तंगूस म्हणतात, ती खात्यातल्या रिकाम्या लाकडी बॉबिनवर गुंडाळलेली होती. आप्पांनी ती गळाच्या नेढ्यातून ओवली आणि आयुष्यभर मारली तीच गाठ मारली. माझ्या हातातली कात्री मागितली. शेपटी मुळाशी कापली, नखाने चाचपून पाहिली. मग गळ खिडकीच्या गजाला अडकवून ओढून पाहिला. गाठ जागची हलली नाही.

उधन्यातल्याच दुसऱ्या एका खात्याच्या मास्टरने तेव्हा निरोप दिला होता. मास्टर उत्तरेकडचा होता, आप्पांना पूर्वीपासून ओळखत होता. दिवाळीनंतर तार जोडायला माणूस हवा आहे, हात ठीक असतील तर या, असा तो निरोप. आप्पांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी गाठीकडे बघत ते म्हणाले, "हाई गाठ मरळले टिकनी ते मी जासू."

मायने आतून विचारलं, "आन नही टिकनी ते?"

आप्पांनी कात्री माझ्या हातात परत दिली.

आम्ही तेव्हा सुरतेच्या कडेला कोसाडला राहत होतो. कॉलनीच्या मागे शेतं संपली की एक तळं होतं, अर्धं जलपर्णीने झाकलेलं. तिथे एक सुरती म्हातारा रोज गळ टाकून बसायचा. पहिल्या दिवशी त्याने आमचा बेडूक पाहून मान हलवली आणि आपली जागा थोडी सरकवून दिली. आप्पांना गुजराती बोलता यायचं, पण ते त्या दिवशी बोलले नाहीत. परीक्षेला बसलेल्या माणसाने शेजाऱ्याशी बोलू नये तसे गप्प होते. मला त्यांचा तो गप्पपणा सहन होत नव्हता आणि सोडून घरीही जाववत नव्हतं. मी रोज दुपारचं काम उरकून त्यांच्यामागे जात होते. बाई माणूस गळाशेजारी बसते म्हणून कॉलनीत काय बोललं जात होतं ते मला माहीत होतं. बोलू दे म्हटलं.

दिवाळी तोंडावर आली होती. त्या दिवशी म्हातारा नव्हता, आम्ही दोघंच. आप्पांनी गळाच्या बांबूच्या टोकाने बेडूक जलपर्णीच्या पानावर ठेवला, तिथून हळूच पाण्यात ओढला. तो तरंगत राहिला. आप्पांनी बांबूला जरासा हिसका दिला, बेडकाचे पाय हलले. पुन्हा थांबले. पुन्हा हलवला. पाण्याखालून काहीतरी जलपर्णी बाजूला सारत आलं, पानं हलताना मला दिसली. मग पाणी फाटल्याचा आवाज झाला आणि बेडूक नव्हता.

आप्पांनी घाई केली नाही. तिला तोंड मिटू दिलं आणि मग ओढलं. बांबू वाकला. मरळ एकदा वर आली, काळी, मनगटाहून जाड, आणि मी कशी कोण जाणे आप्पांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी होते. त्यांचे पाय चिखलात रुतले होते आणि हात, दोन्ही हात, बांबूवर घट्ट होते. ते हसत होते. ते हसणं मी फार दिवसांनी पाहत होते.

मग बांबू सरळ झाला.

तंगूस मोकळीच वाऱ्यावर परत आली. आप्पांनी तिचं टोक धरलं. ते तुटलेलं नव्हतं, टोकाला नुसतं वेटोळं झालं होतं, कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीसारखं. त्यांनी पाण्याकडे पाहिलंच नाही. स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले.

"गाठ सुटनी," ते म्हणाले. मग म्हणाले, "मना हात गयात, पोरी."

मी म्हटलं, मासा मोठा होता, कुणाचीही सुटली असती. त्यांनी बॉबिनवर तंगूस नीट गुंडाळली, वेटोळ्यासकट, आणि चालायला लागले.

दिवाळीनंतर मास्टरचा माणूस आला तेव्हा आप्पा आतल्या खोलीत होते. मायला सांगायला लावलं की गावाकडे गेलेत. त्यानंतर त्यांनी एक एक काम हातातून सोडलं. आधी दाढी. मग सदऱ्याच्या गुंड्या मायने लावायच्या. मग भाकरीही तिनेच मोडून द्यायची. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, हाताला काही नाही, अशक्तपणा आहे. मी एकदा चिडून म्हटलं, हात काय गहाण टाकलेत का? त्यांनी दोन्ही हात गोधडीखाली घेतले. पुढे ते तसेच बसत, हात झाकून, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत आणि सांभाळायला दिले आहेत.

होळीच्या आधी ते गेले. तापाचं निमित्त झालं, पण ताप काही फार नव्हता. त्यांनी अंगच टाकून दिलं होतं.

उन्हाळ्यात माय म्हणाली की तो बांबू आणि ती बॉबिन घरात नको. मी दोन्ही घेऊन तळ्यावर गेले, म्हाताऱ्याला देऊन टाकावं म्हणून. तळं आटून अर्धं झालं होतं आणि जलपर्णी काठाला वाळून पडली होती. म्हाताऱ्याने मला ओळखलं. आप्पांचं विचारलं, मी सांगितलं. त्याने आपला गळ बाजूला ठेवला. मग उठून बाभळीच्या फांदीला अडकवलेलं काहीतरी घेऊन आला.

आमचा बेडूक. वाळल्या जलपर्णीत सापडला, असा दुसऱ्या कुणाकडे नव्हता म्हणून ठेवला, म्हणाला. गळ गंजून तांबडा झाला होता. बेडकाला मात्र काहीही झालं नव्हतं. धुतल्यावर तो पहिल्या दिवशीसारखा हिरवा दिसला. मला तो तिथेच फेकून द्यावासा वाटला.

म्हाताऱ्याने बॉबिन हातात घेतली आणि तंगूसचं टोक शोधलं. वेटोळं बोटात फिरवून पाहिलं.

"आ तूटी नथी," तो म्हणाला. "गाठ सरकी गई छे. छेडो बहु टूंको काप्यो हशे. नायलॉनमां छेडो राखवो पडे, बेन."

मी विचारलं, हातात जोर नसला तर गाठ अशी सरकते का? त्याला प्रश्नच कळला नाही. जोराचा काय संबंध, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तंगूस गुळगुळीत असते, शेपटी लांब ठेवली नाही तर पहिलवानाचीही गाठ सरकते, एवढं त्याने मला समजावून सांगितलं, आणि बांबू घेऊन पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. बॉबिन मी परत आणली.

घरी येऊन मी ती गाठ मारली, आप्पांनी शिकवली तशीच. शेपटी बोटभर ठेवली. खिडकीच्या गजाला बांधून सगळं अंग टाकून लोंबकळले. माय बघत होती. गाठ सरकली नाही. मग मी शेपटी मुळाशी कापली आणि जोराने हिसका दिला, आणि तोंडावर आपटता आपटता वाचले. हातात तंगूस होती, टोकाला वेटोळं.

तेव्हा मला ती पावसाळ्यातली तार आठवली, काचेसारखी. दुसऱ्या दिवशी मी उधन्याला गेले आणि निरोप देणारा तो मास्टर शोधून काढला. लूमच्या आवाजात त्याला ओरडून विचारलं, ती नवी तार आली तेव्हा गाठी कुणाकुणाच्या सुटल्या होत्या?

"उस तार में तो सबकी छूटती थी, बहन," तो म्हणाला. आता सगळेच शेपटी लांब ठेवतात आणि ती फणीत अडकू नये म्हणून वर गोंदाचं बोट लावतात. मग जरा थांबून त्याने विचारलं, "उनको किसी ने बताया नहीं?"

मी त्याच्याकडे इतकं रागाने पाहिलं की तो मागे सरकला, आणि त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दोष द्यायला कुणी सापडत नाही याचाच मला राग आला होता. अजून आहे.

घरी येऊन मी मायला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि आप्पांची गोधडी मांडीवर ओढून बराच वेळ तिच्या घड्या घातल्या. आप्पांचे हात शेवटपर्यंत चांगले होते. हे मला माहीत आहे, मायला माहीत आहे, मास्टरला माहीत आहे, तळ्यावरच्या म्हाताऱ्याला माहीत आहे. फक्त आप्पांना माहीत नव्हतं.