दोन हात मिळून एक गठ्ठा

वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या. ताटलीत वळलेल्यांचा ढीग, परातीत पिंजलेला कापूस, मधे बोटांना लावायच्या राखेची वाटी. एकादशीला कौंडण्यपूरच्या देवळात लावायच्या म्हणून गोदाबाई वळत होत्या आणि शाळेतून आलेली सून रागिणी हात धुऊन त्यांच्या मदतीला बसली होती. तेवढ्यात दारात नाजिया उभी राहिली, लेकीचा हात धरून.

रागिणी मूळची अकोल्याची. डी.एड. तिथंच झालं, लग्न होऊन शेंदूरजनाघाटला आली आणि इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग तिच्याकडे आला. मुलांवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. देवाचं काम समजूनच ती शिकवायची. नाजियाची अफसाना तिच्याच वर्गातली.

"बस ना नाजिया."

"बसत नाई मॅडम. सांगाले आली. पोट्टीले पातूरले नेऊन राहिली, माया बहिणीपाशी. तिथंच नाव टाकतो."

"असं मधेच? काहून?"

"तुमी तिले पयलीच्या लेकरायत बसोलं. चार दिस झाले, सकाळी दप्तर पाह्यलं का रडते. म्हणते, मी ढ हाओ."

रागिणीचा हात कापसातच थांबला. बसवलं होतं खरं. चाचणीत तेवीस काड्या दिल्या होत्या, गठ्ठे करून संख्या लिहायची होती. अफसानाने पाटीवर त्रेचाळीस लिहिले. दुसऱ्या वेळी दुसऱ्या काड्या दिल्या, तेव्हाही भलतंच. मग रागिणीने ठरवलं, हिला अजून मोजताच येत नाही, पाया पक्का करू. भल्यासाठीच केलं होतं.

"अगं, ती काही शिक्षा नव्हती," ती म्हणाली.

"तुमच्यासाठी नसन मॅडम. ते तं लहान्या पोट्ट्यायत बसते ना."

अफसाना आईच्या ओढणीआड उभी, नजर ताटलीवर. गोदाबाईंनी तिला बोलावलं, "इकडं ये व पोरी. या वाती किती झाल्या पाह्य. मले आता दिसत नाई."

"अम्मा, देवाच्या हायेत त्या," नाजिया संकोचली.

"मंग देवाच्याच मोजते ना ते. मोज व तू."

पोरगी खाली बसली. डाव्या हाताने दोन वाती उचलल्या, उजव्याने तीन, एकदम बाजूला ठेवल्या. पुन्हा दोन अन् तीन. ओठसुद्धा हलले नाहीत, हात मात्र भराभर चालले.

"बत्तीस, आजी."

रागिणीने ढिगल्या न मोडता वाती एकेक करून मोजल्या. बत्तीसच.

"अफसाना, कशा मोजल्या गं?"

"अब्बा संत्रे मोजते तशा. दोन इकून, तीन इकून, का झाला एक हात. सहा हात आन वर दोन."

अफसानाचा बाप अजहर संत्र्याच्या मंडीत मोजणीवर असतो, हे रागिणीला ठाऊक होतं. हंगामात ही पोरही त्याच्याशेजारी ढिगावर बसायची.

"मग त्या दिवशी त्रेचाळीस कसे लिहिले?"

आईने कोपराने ढोसलं, तेव्हा अफसाना हळूच म्हणाली, "तुमीच म्हणलं ना, गठ्ठे आधी लिवा, सुट्ट्या बाजूले. चार गठ्ठे झाले, तीन उरल्या."

पाचापाचाचे चार, वर तीन. तेवीसच की. सांगितलं तसंच तिने लिहिलं होतं. गठ्ठा दहाचाच का बांधायचा, हे मात्र तिला कोणी समजावलं नव्हतं. रागिणीने चुकीचं उत्तर पाहिलं आणि लगेच जागा बदलली. उत्तर आलं कुठून, हे लेकराला आधी विचारायचं, ही तिला डी.एड.मध्ये शिकवलेली अगदी पहिली गोष्ट.

"मंग मास्तरीणबाईले दिसलं कावून नाई?" गोदाबाई वात वळता वळता म्हणाल्या.

"विचारलंच नाही आई मी तिला."

"घ्या. अन् घरात मले दहादा इचारते, गोळी घेतली का म्हणून."

नाजियाला हसू आलं, तिने ते ओढणीआड लपवलं. रागिणीने अफसानाचे दोन्ही हात धरून एकमेकांशेजारी पसरले. "अब्बांचा हा एक हात, हा दुसरा. दोन हात मिळून आपल्या शाळेचा एक गठ्ठा. आता या बत्तीस वातींचे गठ्ठे किती?"

पोरीने पाच-पाचच्या दोन ढिगल्या जवळ सरकवल्या, मग आणखी दोन, मग आणखी दोन. "तीन," ती म्हणाली. "आन दोन सुट्ट्या." थोडं थांबून विचारलं, "तीन आधी लिवू?"

"आधी तीन, मग दोन."

तिने राखेत बोट बुडवून फरशीवर बत्तीस लिहिले आणि मॅडमकडे न बघता आईकडे पाहिलं.

"मी उद्या कुठं बसू?" तिने विचारलं.

"तुझ्या जागेवर. आणि वर्गाला अब्बांची मोजणी तू दाखवायची, काड्यांवर नाही, संत्र्यांवर."

नाजिया लगेच हो म्हणाली नाही. तिने लेकीचे राखेचे बोट ओढणीला पुसले, तिच्या तोंडाकडे पाहिलं. "पातूरचं मंग पाहू," एवढंच म्हणाली आणि निघाली.

दिवा लावायची वेळ झाली होती. रागिणीने देवापुढे हात जोडले, त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग पुन्हा येऊन कापूस मांडीवर घेतला.

"आई, सकाळचा चहा तुम्हीच करा. मला शाळेआधी मंडीत जायचं आहे, अजहरभाईंकडून टोपलीभर बारकी संत्री आणायला."