शाल, श्रीफळ आणि दगडातली पानं

आमच्या मंडळाला कुणी नुसती किल्ली दाखवली, तरी आम्ही आधी तिला हार घालतो, मग कुलूप कुठे आहे ते विचारतो. हे मी ऐकीव सांगत नाही. हातात ताम्हण धरून मी तिथे उभी होते.

कुवेतच्या महबूला भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चेची राहायची. केरळची नर्स, माझ्याहून मोठी, म्हणून चेची, म्हणजे ताई. सगळी नोकरी इथेच काढून ती आता कायमची घरी चालली होती. तिच्या गावच्या चर्चमध्ये एक फार जुना दगड आहे. त्यावर क्रूस कोरलेला, क्रूसाच्या पायाशी दोन्हीकडून वर वळलेली पानं, आणि कडेने कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. गावातली म्हातारी माणसं त्या अक्षरांना ओठ लावतात. इथल्या एका बेटावरही तितकंच जुनं चर्च खणून काढलंय, त्यातले काही कोरीव तुकडे संग्रहालयाच्या कोठारात ठेवलेत, हे चेचीने फोनवर आईला सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्या आईने हट्टच धरला, "निघण्याआधी बघून ये. आपल्यासारखीच पानं आहेत का, ते मला सांग."

कोठार सगळ्यांसाठी उघडत नाहीत. पण मंडळाचे अध्यक्ष मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या ओळखी दस्मानच्या राजवाड्यापर्यंत पोचतात असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी तासाभराची परवानगी मिळवली आणि 'वारसा-दर्शन' असा फलक छापून घेतला. यादीत मी चेचीचं नाव घातलं. तिचं विमान त्याच दिवशी संध्याकाळी होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. बसमध्ये अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "पानं म्हणतात, पण ती कमळाचीच असणार. म्हणजे मूळ कुणाचं ते तुम्हीच ओळखा." दगड त्यांनीही अजून पाहिला नव्हता. टाळ्या पडल्या.

कोठाराबाहेर एक कुवेती अधिकारी किल्ली घेऊन उभा होता. सभ्य माणूस. तो कुलपाकडे वळणार, एवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "साहेब, पहले छोटासा सत्कार." बॅटरीची समई निघाली, कारण खऱ्या ज्योतीला तिथे बंदी होती. स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं. अधिकाऱ्याच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा रुमाल होता. त्याने हात जोडून नको म्हटलं, तेव्हा फेटा त्याच्या हातात ठेवला. मग शाल. शाली उपाध्यक्षांच्या मेहुण्यांनी नाशिकहून पाठवल्या होत्या, आणि काठावर सोनेरी अक्षरांत त्यांच्या कारखान्याची जाहिरात होती: 'सौजन्य : घरगुती मसाले व लोणची'.

मी हळूच म्हटलं, "भाऊ, आधी आत जाऊन येऊ या ना. चेचीला आज जायचंय."

"वहिनी, कार्यक्रमाला एक पद्धत असते," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. "अरे हो! सिस्टर कायमच्या चालल्यात! त्यांचाही सत्कार करू!"

चेचीच्या अंगावर शाल आली, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात स्मृतिचिन्ह. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ती हिंदीत एवढंच म्हणाली, "मुझे बस वो पत्थर देखना है." साधेपणा, साधेपणा, असं म्हणत सगळ्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

मग आभारप्रदर्शन. बसचा ड्रायव्हर, डबेवाल्या काकू, फलक छापणारा, फलक धरणारा, कुणी सुटलं नाही. अधिकारी घड्याळाकडे बघत होता. शेवटी त्यानेच कुलूप उघडलं आणि बोटं चिमटीत धरून सांगितलं, अगदी थोडा वेळ. सगळे आत घुसले आणि कोरीव तुकड्यांच्या फडताळाला पाठ करून सेल्फी काढू लागले. चेचीला दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. नारळ आत न्यायचा नाही. तिने वळून मला शोधलं, मी गर्दीतून परत येऊन नारळ घेतला, आणि तेवढ्यात आतले दिवे मालवले. "खलास, खलास," अधिकारी म्हणाला. त्याला तरी काय बोलणार? त्याचा तास आम्हीच खाल्ला होता.

परतताना अध्यक्षांनी विचारलं, "सिस्टर, कैसा लगा?"

"बहुत अच्छा," चेची म्हणाली. मला इतका संताप आला की तो नारळ मी बसच्या खिडकीतून फेकणार होते. त्या सगळ्यांच्या फोटोंत मी पानं शोधली. फोटोत अध्यक्ष होते, फलक होता, समई होती.

पुढच्या आठवड्यात चेचीचा गावाहून फोन आला. मी भीतभीतच विचारलं, "आईला काय सांगितलंस?"

"सांगितलं, अगदी आपल्यासारखीच पानं आहेत."

"आणि तिने मानलं?"

"मानलं ना. ती शाल त्या जुन्या चर्चमधूनच आलीय असं तिला वाटतं. काठावरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत. रोज प्रार्थनेआधी ती त्यांना ओठ लावते."