ठरावावरचा चहाचा डाग

राजूरच्या रस्त्यावर आमच्या गावाच्या फाट्याला माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि एक भट्टी. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं थांबतात, तेव्हा धंदा बरा होतो. बाकीच्या दिवशी गावातलीच माणसं येतात, अर्धा चहा घेतात आणि तासभर सरकारला शिव्या देतात. शिव्या देण्यात मी सगळ्यांच्या पुढं असायचो. तिसरी शिकलेला माणूस मी, पण दिल्लीत कोण चुकलं आणि आमच्या ग्रामपंचायतीत कोण चुकलं, हे सगळं मला बसल्या जागी कळायचं.

बायको कढईजवळ बसून भजी तळायची. आमचं बोलणं ऐकायची, मधे पडायची नाही. ग्रामसभेच्या दिवशी मात्र कढई खाली उतरवायची, हात धुवायची, पदर सारखा करायची आणि निघायची. तिथं जाऊन काय मिळतं, असं मी दर वेळी विचारायचो. ती एकच शब्द बोलायची, नळ.

आमच्या वरच्या गल्लीला नळ नव्हता. खाली सगळीकडं होता. वरच्या बायका शाळेजवळच्या हापशावरून पाणी आणायच्या, डोक्यावर हंडा आणि उजव्या हातात बादली, आणि सगळा चढ. एकदा शिलाईवाल्या बाईनं तिला सांगितलं की तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय, ब्लाउज दोन्हीकडून सारखा बसत नाही. तिनं घरी येऊन ते हसत सांगितलं. मी तिच्या खांद्याकडं पाहिलं. खरंच खाली होता. एवढी वर्षं एका घरात काढली आणि मला तो दिसला नव्हता.

ग्रामपंचायतीच्या खोलीत पुरुषांना खुर्च्या असायच्या आणि बायका दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायच्या. ही आणि गल्लीतल्या आठ-दहा जणी. पुरुष दोन-चार. मग ग्रामसेवक घड्याळ बघायचे आणि म्हणायचे की कोरम भरला नाही, सभा तहकूब. बायका उठून घरी यायच्या.

आमच्या गावात एक रीत पडली होती. सभेला माणसं जात नसत, म्हणून सभेचं रजिस्टरच माणसांकडं यायचं. शिपाई ते बगलेत घेऊन फिरायचा, पारावर, दुकानावर आणि सगळ्यात जास्त माझ्या हॉटेलात. कोणाला त्यात चोरी वाटत नव्हती. सही मागितली तर कोण नाही म्हणतो? उलट शिपायाला आम्ही चहा पाजायचो.

त्या पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, जिलेबी वाटून झाली आणि पुरुष सगळे माझ्याकडं येऊन बसले. ती ग्रामपंचायतीत गेल्ती. दुपारून शिपाई आला.

"मामा, सह्या पाहिजेत."

आम्ही त्या वेळी सरपंचालाच धरलं होतं. रस्ता असा, गटार तसं. तोंड चालू ठेवून एकेकानं सही केली. मी चौथा. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा होता, ते मी बघितलं, पण विचारलं नाही. वाऱ्यानं पान उडून राह्यलं होतं म्हणून मी हातातला चहाचा गिलास त्यावर ठेवला. सगळ्यांच्या सह्या होईस्तोवर तो तिथंच होता.

संध्याकाळी ती आली. आजही तहकूब, एवढंच म्हणाली आणि कढई चढवली. मी सह्यांचं काही सांगितलं नाही. लपवलं असं नाही, मला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नाही.

पुढं दीड महिन्यानं फाट्यावर खड्डे खोदायला सुरुवात झाली. गावाला कमान होणार होती. ती दोघी जणींना घेऊन ग्रामपंचायतीत गेली आणि सभेचं रजिस्टर दाखवा म्हणाली. तिला वाचता यायचं. उतारवयात प्रौढांच्या वर्गाला जाऊन शिकली होती, आणि ती पाटी घेऊन निघाली की मी हसायचो. तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. सभा झाली. कमानीचं काम आधी घ्यायचं एकमतानं ठरलं. वरच्या गल्लीच्या नळाचा विचार पुढं करू. खाली सह्याच सह्या, आणि सह्यांच्या मधोमध चहाचा गोल डाग.

तिथून ती सरळ हॉटेलात आली. गिऱ्हाईक बसलेलं होतं. ती भांडली नाही. ट्रेमधला एक गिलास उचलून माझ्यापुढं ठेवला.

"हा त्या पानावर ठेवून बघा. बराबर बसंल."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी चिडलो. चूक पकडली गेली की माणूस चिडतो, तसाच. मी म्हणालो, "मी सही केली नसती तर दुसऱ्या कोणी केलीच असती."

"मंग दुसऱ्याला करू द्यायची व्हती," ती म्हणाली. "रोज सरपंचाला शिव्या देता, आन् त्याचं काम तुम्हीच फुकटात करून राह्यलात. मी तिथं खाली बसले व्हते. माझ्याच माणसाची सही इथं झाली."

ती आत गेली आणि बेसन कालवायला बसली.

त्यानंतरही ती जातच राहिली. मला तिनं एकदाच विचारलं. सभा नेमकी चतुर्थीला आली होती. "एकदा चला," म्हणाली. "बोलू नका. नुसतं बसा. एक माणूस वाढंल." मी राजूरला निघालेल्या गर्दीकडं हात केला. तिनं गर्दी बघितली, मान हलवली आणि एकटी निघाली. त्या दिवशी भजी मीच तळली आणि निम्मी करपवली. ती गावाच्या रस्त्याला वळेस्तोवर मी बघत होतो. उजवा खांदा खाली, चप्पल घासत. आता मला सगळ्यात जास्त तेच दिसतं, तिची पाठ. त्या दिवशी भट्टी विझवली असती तर काय झालं असतं? चार गिऱ्हाईकं दुसरीकडं गेली असती, एवढंच.

दोन वर्षं झाली तिला जाऊन. कावीळ झाली, उशिरा कळलं, जालन्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. कढई आता उलटी टांगून ठेवलीय. भजी बंद. माणसं मात्र येतात आणि तसंच बोलतात. सुरुवातीला मीही बोलायचो. पण तोंड उघडलं की कढईच्या जागेकडं नजर जायची आणि पुढचं सुचायचं नाही.

मग एका सभेच्या दिवशी शिपाई परत रजिस्टर घेऊन आला. मी त्याला म्हणालो, "ते तिथंच टेबलावर ठेव. मी येतो." आणि भट्टीत पाणी टाकलं.

"मामा, पुढारी व्हायचं का आता?" एक जण म्हणाला. सगळे हसले.

"चहा सभा झाल्यावर," मी म्हणालो.

"मंग तवर आम्ही काय करावं?"

"तिथं येऊन शिव्या द्या. ज्याला द्यायच्या तो तिथं बसलेला हाय."

दोघं आले. बाकीचे उठून पलीकडच्या हॉटेलात गेले आणि तिथं मला शिव्या दिल्या असतील. कोरम भरला नाही. पुढच्या सभेलाही नाही. मी आठ दिवस आधीपासून प्रत्येक गिलासामागं सांगायला लागलो की सभेच्या दिवशी भट्टी बंद, आणि सही पाहिजे असेल तर पायानं तिथं चला. तिसऱ्या वेळी खोली भरली. निम्मे लोक मी काय बोलतो याची मजा बघायला आले होते. येईनात का. मोजताना तेही मोजले जातात.

मी खुर्चीवर बसलो नाही. दाराजवळ बायकांत बसलो. मग बोलायला उठलो. हॉटेलात मोठ्या आवाजात बोलणारा माणूस मी, तिथं पहिलं वाक्यच सापडेना. तेव्हा कळलं की ती दर वेळी तिथं जाऊन बसायची ते किती अवघड होतं. मी एवढंच म्हणालो, "वरच्या गल्लीला नळ पाहिजे. मागणी जुनी हाय. मागं ती मीच बुडवली, कोऱ्या कागदावर सही करून." मग गिलासाचं सगळं सांगितलं. हसायला आलेले हसले नाहीत. सरपंच म्हणाले की झालं ते झालं, आता उकरू नका. बायकांतून आवाज आला की उकरत नाही, पण आधी ठराव लिहा, मोठ्यानं वाचा आणि मग सह्या घ्या. ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं. आमच्यासमोर लिहिलं आणि वाचलं.

नळ अजून आलेला नाही. पाइप शाळेपर्यंत आलाय आणि तिथं थांबलाय. मी दर सभेला जातो आणि का थांबला ते विचारतो. शिव्या द्यायच्या मी सोडल्या नाहीत, मेल्याशिवाय सुटायच्या नाहीत. पण आता आधी जाऊन बसतो, मग देतो. इथं बसून दिलेल्या माझ्या शिव्यांनी इतक्या वर्षांत एक घागर भरली नाही, हे मी माझ्या हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि पटलं नाही तरी चहा देतो.

ठराव लिहिला त्या दिवशी रजिस्टर माझ्यापुढं आलं तेव्हा दारातून वारा येत होता. पान उडायला लागलं. मी त्यावर तळहात ठेवला आणि सही केली. शेजारी गल्लीतली एक जण होती, तिच्याबरोबर हापशाला जाणारी. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, ती असती तर तुम्हाला इथं बघून हसली असती."

मी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं. ती हसली नसती तरी चाललं असतं. मला ती नुसती शेजारी बसलेली पाहिजे होती. एक माणूस वाढला असता.