अण्णांची मेणवेल

झाडाला पाणी न घालण्यासाठी रोज सकाळी अंघोळ करून, खांद्यावर उपरणं टाकून परसात जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी, अण्णा. परसातल्या भिंतीवर त्यांची मेणवेल चढली होती. तिचं एक जाड पान दोन बोटांत धरून ते हलकेच वाकवून बघत. पान ताठ लागलं की भरलेला तांब्या तसाच घरात परत नेत. पान मऊ पडलं, सुरकुतलं, तरच वेल तहानलेली, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक दिवशी तांब्या परतच जाई.

लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळूरला चामराजपेटेत आले, ती वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन. ती कुणाला दाखवावी असं झालं होतं. अण्णा निवृत्त स्टेशनमास्तर, घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. पहिल्याच भेटीत मी त्यांना त्यांच्या वेलीचं लॅटिन नाव ऐकवलं, होया कार्नोसा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या नावानं हाक मारली की फूल येतं काय गं?" तेव्हापासून मी बॉटनीबाई झाले.

त्यांनी मला दोन पेरांची एक कांडी दिली. मी तिला मोठी कुंडी, शेणखत आणि दोन वेळचं पाणी दिलं. तीन आठवड्यांत ती कुजली. दुसरी कांडी मुळं फुटली का हे पाहायला मी दर रविवारी उपटत असे. तीही गेली. तिसरी लावायला अण्णा स्वतः आले. लहानशी कुंडी, तीत विटांचे तुकडे, कोळसा, नारळाचा काथ्या आणि मूठभर माती. "तिला अडचणीतच बरं वाटतं," ते म्हणाले. "तुला काळजी करायची हौस भारी. स्वल्प कमी कर. सुम्ने बसायला शीक." सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. एवढी एकच गोष्ट मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. आमच्या ह्यांनी तेवढ्यात सांगून टाकलं, की ती मला स्वयंपाकघरात मात्र छान जमते.

मी शिकले, पण रडतखडत. दोन वर्षं वेल नुसती वाढली. मधल्या काळात अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा मुलगा त्यांना गावातच, मल्लेश्वरमला घेऊन गेला. शेजारी नवे लोक आले, त्यांनी परस साफ करताना भिंतीवरची वेल उपटून टाकली. मी भेटायला गेले की अण्णा तब्येतीचं काही बोलत नसत. "कळी आली काय?" एवढंच विचारत. आता त्यांची म्हणावी अशी वेल माझ्याच व्हरांड्यात उरली होती, आणि ती माझ्या हातात होती. मला धडकी भरे.

तिसऱ्या वर्षी कळ्यांचा घोस धरला. मला राहवेना. जटका बोलावला, कुंडी मांडीवर घेतली आणि घोड्याच्या चालीवर हिंदकळत मल्लेश्वरम गाठलं. अण्णांच्या खाटेशी पोचले तेव्हा सगळ्या कळ्या माझ्या पदरात गळून पडल्या होत्या, दांड्यावर एक राहिली नव्हती. मी त्यांच्यासमोर लहान मुलीसारखी रडले. अण्णा वाकड्या झालेल्या तोंडानं हसले.

"अय्यो बॉटनीबाई, कळी धरली की कुंडी जागची हलवायची नाही. पण मला हलवू नको म्हणून कोण बोललं?"

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कळ्या आल्या. ह्या वेळी मी कुंडीला हात लावला नाही. मुलगा नको म्हणत असताना अण्णा जटक्यात बसले. आमच्या ह्यांनी त्यांना धरून वेलीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. फिकट गुलाबी चांदण्यांचा तो घोस, मेणातून ओतून काढल्यासारखा. संध्याकाळ झाली तसा वास सुटला. अण्णा डोळे मिटून बसून राहिले. मीही बसले, काही न करता. इतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

निघताना त्यांना घोस द्यावा म्हणून मी कात्री आणली. त्यांनी चालत्या हातानं माझं मनगट धरलं.

"दांडा कापू नको गं. फूल गळतं, दांडा राहतो. पुढच्या वेळी त्याच दांड्यावर येतं ते."

"मग तुम्हीही या पुढच्या वेळी."

"सरी, येतो," अण्णा म्हणाले.

पुढच्या वेळी फुलं त्याच दांड्यावर आली. अण्णांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी त्यांच्या तेराव्यालाही जाऊन आले होते. तरी त्या संध्याकाळी मी, शास्त्र शिकलेली बाई, वेताची खुर्ची पुसून वेलीजवळ नेऊन ठेवली आणि अंधार पडेपर्यंत तीत कुणाला बसू दिलं नाही.