सरपंचाची सतरंजी

"उठा जी बाई. सरपंचबाईची जागा खाली हाय. मी सतरंजी टाकली," चपराशी म्हणाला. भरल्या ग्रामसभेत, पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेल्या नव्या सरपंच मुलीला.

हा आमच्या ग्रामपंचायतीचा चपराशी. माणूस वाईट नाही. खुर्ची दुपट्ट्याने दोनदा पुसतो आणि दर दोन वाक्यांनी 'नियम हाय' म्हणतो. सव्वीस जानेवारीला संविधानाची उद्देशिका तोच म्हणतो, तोंडपाठ.

"काहून उठू? कोणत्या पुस्तकात लिहिलं हाय?" मुलीने विचारलं.

"लिवला नाही जी. पयलेपासून चालून रायला. तीन बाया सरपंच झाल्या, तिघीही खाली बसल्या. खुर्चीवर उपसरपंच बसतेत. नियम हाय. इस्वास नसंल तं आजीले इचारा."

सगळे माझ्याकडे वळले.

त्या तिघींतली पहिली मी. तेव्हा उपसरपंच माझे भासरे होते, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर खुर्चीवर कशी बसू, म्हणून मी जमिनीवर बसले. फरशी गार होती, म्हणून यानेच दया येऊन सतरंजी आणून दिली. कायद्याच्या पुस्तकातलं एक अक्षर कोणी खोडलं नाही. माझ्या एका दिवसाच्या लाजेचा याने नियम केला, आणि गावाने तो पाळला.

हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर माझा उशीर हाच होकार समजून मुलगी खाली बसली होती.

सतरंजीवर बसलेल्या आम्ही आता चौघी झालो.