आजीच्या मांडीवरची लस

“हर घर की बहू ही भूलती है, अम्माजी,” झाशीच्या रेल्वे दवाखान्यातली नर्सबाई हसत आईला म्हणाली. बाळाची गोवराची लस सुनेच्या विसरण्यामुळे राहिली, असं आईनं नुकतंच सांगितलं होतं.

नर्सबाई टोचण्याआधी तळहात घासून उबदार करते. बाळाला मात्र आजीच्याच मांडीवर देते, म्हणजे पुढच्या वेळी आजी अडवत नाही. आमच्या कॉलनीत राहून तिला मराठीही कळतं.

वहिनीची मान खाली होती. मला राहवलं नाही.

“आई, वहिनी विसरली नव्हती. शीतला अष्टमीच्या दिवसांत सुई टोचली तर देवी कोपते, म्हणून तूच आम्हाला येऊ दिलं नाहीस.”