तीन बटणं
कपाट आवरताना वायरचा जुना माउस हाती लागला आणि अड्याळच्या घरातली ती मालिशच्या तेलाच्या वासाची खोली आठवली. लकव्यानं वडिलांची वाचा गेली होती, फक्त उजव्या हाताची बोटं हलायची. त्यांच्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर पाणी, दुखतं आणि झोप अशी तीन मोठी बटणं होती. प्रोग्रॅम स्वतःहून काही करत नाही, कुणी दाबण्याची वाट पाहत थांबतो. जे बटण दाबलं जाईल, तो शब्द मोठ्यानं बोलतो. वडिलांनी माउसनं पडद्यावरचा बाण हळूहळू सरकवला आणि बटणांखालच्या रिकाम्या जागेवर दाबलं. काहीच झालं नाही. “बाबा, बटनावर दाबा न,” मी म्हणालो. त्यांनी पुन्हा तिथंच दाबलं, मग आणखी एकदा. “त्यायले दुसरंच काई सांगाचं हाय रे,” आई म्हणाली. दाबल्याची खबर प्रोग्रॅमपर्यंत पोचत होती, पण त्या जागेसाठी मी काही लिहिलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरले आणि हात माउसवरून घसरला. आठ दिवसांनी ते गेले. मी आजही प्रोग्रॅमच लिहितो, पण त्या रिकाम्या जागी कोणता शब्द हवा होता, ते मला अजून माहीत नाही.